विज्ञानकथेच्या नगरात अपंगांना घर कोठे?

संख्याशास्त्राच्या तासाला सरासरीची कल्पना समजावून देताना एक उदाहरण मी गेली कित्येक वर्षे हमखास देत आलो आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या, पृथ्वीवरून चंद्राकडे जाण्याच्या कादंबरीत बाल्टिमोर शहरातील तोफबाजांचे एक मंडळ आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध नुकतेच संपले आहे. मंडळाचे सभासद म्हणजे तोफा ओतण्यात आणि डागण्यात उमेद घालविलेली माणसे. त्यांच्या कुबड्या, लाकडी पाय, लोखंडी आकडे, रबरी जबडे आणि चांदीच्या कवट्या यांची मोजदाद करून व्हर्न असा हिशेब काढतो की, या मंडळात चौघांमागे धड एक हात पडत नाही आणि सहांमागे पाय मात्र दोन पडतात. वर्गात हशा पिकतो; सरासरी किती फसवी असते हे मुलांच्या ध्यानात राहते आणि मी पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वी तास संपल्यावर एक विद्यार्थी माझ्यापाशी थांबला. अपघातात त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेलेला आहे. तो जयपूर फूट लावून चालतो. उदाहरण ऐकून तोही इतरांबरोबर हसला होता. त्याने एवढेच विचारले, “सर, मग ती माणसं चंद्रावर जातात का?”

नाही, असे उत्तर द्यावे लागले. चंद्राकडे झेपावणाऱ्या गोळ्यात जे तिघे बसतात ते तिघेही धडधाकट आहेत. मंडळाचा अध्यक्ष बार्बिकेन याचे सर्व अवयव शाबूत असणे हा त्या मंडळातला अपवादच, अशी नोंद व्हर्नने आवर्जून केली आहे. मंडळाचा चिटणीस मॅस्टन याच्या उजव्या हाताच्या जागी लोखंडी आकडा आहे. या मोहिमेसाठी त्याच्याइतका जीव कोणी टाकला नसेल. तो बरोबर येण्यासाठी गयावया करतो, तेव्हा त्याला सांगण्यात येते की, तू चंद्रावर न्यावा इतका पुरा नाहीस. तेथे कोणी रहिवासी भेटलेच, तर तुझ्याकडे पाहून पृथ्वीवरील युद्धांविषयी त्यांचा काय ग्रह होईल? हे सारे विनोदाच्या अंगाने लिहिलेले आहे, आणि युद्धाला काढलेला तो चिमटा आहे हेही खरे. मी ते विद्यार्थ्याला सांगितले. “म्हणजे तोफ यांनी ओतायची आणि जायचं दुसऱ्यांनी,” असे म्हणून तो जिना उतरू लागला.

तेव्हापासून विज्ञानकथा वाचताना माझी नजर बदलली आहे. या कथांचा मी जुना वाचक. विषयाने अर्थशास्त्री असल्यामुळे एखाद्या कल्पित जगात कोण काय पिकवतो आणि खर्च कोण सोसतो, इकडे माझे लक्ष सवयीनेच जाते. मात्र त्या जगात कोणाला वावरता येते आणि कोणाला येत नाही, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

हा प्रश्न वाङ्मयाच्या इतर प्रकारांपेक्षा विज्ञानकथेला अधिक लागू पडतो, याचे कारण साधे आहे. आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. विचारले तर इमारत जुनी आहे, अनुदान अपुरे आहे, असे उत्तर मिळते, आणि ते अगदीच खोटे नसते. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला ही सबब नाही. त्याच्या कल्पनेला अंदाजपत्रक नसते. तो कोऱ्या कागदावर नगरे उभारतो, ग्रहांचे गुरुत्वाकर्षण ठरवितो, माणसाचे आयुर्मान दोनशे वर्षे करतो. त्याने रेखाटलेल्या अंतराळयानात जर जिना असेल, तर तो त्याने स्वतःच्या मर्जीने बांधलेला असतो. तेथे अपंग माणूस दिसत नसेल, तर त्याला लेखकानेच वगळलेले असते.

एच. जी. वेल्स याने हे फार लवकर ओळखले होते. त्याची ‘आंधळ्यांचा देश’ ही कथा १९०४ सालची. इक्वेडोरच्या अँडीज पर्वतराजीत बाहेरच्या जगापासून तुटलेले एक खोरे आहे. एका रोगाने तेथील माणसांची दृष्टी गेली, आणि पंधरा पिढ्या लोटल्यानंतर ‘पाहणे’ हा शब्दही भाषेतून पुसला गेला आहे. न्यून्येझ नावाचा डोळस वाटाड्या कड्यावरून घसरून या खोऱ्यात येऊन पडतो. आंधळ्यांच्या राज्यात काणा राजा, ही म्हण त्याच्या मनात घोळू लागते. (आपल्याकडे वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते, दोन्ही म्हणींना शहाणपण मोजण्यासाठी अपंगत्वाचेच माप लागावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.)

प्रत्यक्षात घडते ते उलटेच. खोऱ्यातील वाटा आखीव आहेत, प्रत्येक वाटेला कड आहे आणि त्या कडेवर खुणेच्या खाचा आहेत. घरांना खिडक्या नाहीत. माणसे रात्रीच्या गारव्यात कामे करतात आणि दिवसाच्या उबेत झोपतात. त्यांचे कान आणि बोटे इतकी तयार झालेली आहेत की, गवतावर पडलेले पाऊलही त्यांना कळते. अशा ठिकाणी न्यून्येझच अडखळतो. बिनखिडक्यांच्या अंधाऱ्या घरात तो ठेचकाळतो आणि तो भ्रमिष्टासारखे काहीतरी बरळतो, अशी लोकांची खात्री होते. फावडे उगारून तो बळाने राजा होऊ पाहतो. पण आंधळ्यावर घाव घालण्यास त्याचा हात धजत नाही, आणि दोन दिवसांच्या उपासानंतर तो मुकाट्याने शरण येतो. त्याला तेथली एक मुलगी आवडते. लग्नाची गोष्ट निघते. तेव्हा गावचा वैद्य त्याला तपासून निदान करतो की, याच्या चेहऱ्यावरील हे दोन हलते, पापण्यांचे फुगवटे मेंदूला सतत त्रास देत आहेत. साध्या शस्त्रक्रियेने ते काढून टाकले की हा शहाण्यासारखा वागू लागेल.

या वैद्याला खलपुरुष म्हणता येणार नाही. तो मायाळू आहे, त्याचे तर्कशास्त्र निर्दोष आहे, आणि मी तर म्हणेन की तो आपल्यातलाच आहे. बहुसंख्येला जे नाही ते अल्पसंख्येत आढळले तर तो विकार ठरतो आणि त्यावर उपचार सुचविला जातो, हा व्यवहार वेल्सने फक्त उलटा करून दाखविला. पांगळेपण शरीरात किती आणि वाटेत, घरात, वेळापत्रकात किती, हा विचार पुढे अपंगांच्या चळवळींनी १९७० नंतरच्या दशकांत शास्त्रशुद्धपणे मांडला. कथेत तो कितीतरी आधी येऊन गेला होता. स्वतः वेल्सला मात्र तो पेलला की नाही, याची मला शंका आहे. १९३९ साली त्याने कथेचा शेवट बदलला. मूळ कथेत न्यून्येझ डोळे वाचविण्यासाठी खोरे सोडतो आणि ताऱ्यांखाली निश्चल पडून राहतो. नव्या शेवटात डोंगराला गेलेली भेग त्याला दिसते, त्याचा इशारा कोणी ऐकत नाही, आणि दरड कोसळून खोरे गाडले जाते. म्हणजे दृष्टीची सरशी झाली. तथापि त्याच्याबरोबर सुटलेली ती मुलगी बाहेरच्या जगात आल्यावरही दृष्टी मिळविण्यास राजी होत नाही. पाहणे ही तिला भयंकरच गोष्ट वाटते. म्हातारपणी वेल्सने हे एक दार उघडे ठेवले, हे बरे झाले.

वेल्सनंतर मात्र ही वाट फारशी कोणी चोखाळली नाही. जॉन विंडमच्या ‘ट्रिफिड’ वनस्पतींच्या कादंबरीत (१९५१) एका रात्रीत जवळजवळ सारे जग आंधळे होते, आणि आंधळी माणसे म्हणजे चाचपडणारा, डोळसांच्या गळ्यात पडणारा केविलवाणा जमाव, यापलीकडे लेखकाची कल्पना जात नाही. एकाएकी दृष्टी गेलेल्या माणसांचे पहिले काही दिवस तसे जातील, हे मान्य. पण महिने उलटतात तरी चित्र फारसे बदलत नाही.

रॉबर्ट हाइनलाइनची ‘वॉल्डो’ (१९४२) ही त्याहून अधिक गुंतागुंतीची गोष्ट आहे. वॉल्डोला जन्मापासून स्नायूंचा असा विकार आहे की, पेला उचलणेही त्याला जड जावे. तो पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्वतःच्या घरात राहतो. तेथे वजनच नसल्यामुळे अशक्तपणाला अर्थ उरत नाही. दुरून चालविता येणारे यांत्रिक हात तो तयार करतो आणि साऱ्या उद्योगधंद्यांना ते लागतात. (पुढे किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्यासाठी खरोखरीच असे हात बनले, तेव्हा इंग्रजीत त्यांना ‘वॉल्डो’ हेच नाव पडले.) शिवाय बिनतारी वीजपुरवठ्यामुळे पृथ्वीवरची सारीच माणसे हळूहळू अशक्त होत चालली आहेत, असा एक धागा कथेत आहे. येथपर्यंत वाचताना वाटते की, लेखकाला फार मोठी गोष्ट सापडली आहे: जागा बदलली की पांगळेपण बदलते, आणि आज जो सशक्त आहे तो उद्या कोठे असेल याचा भरवसा नाही. पण शेवटी वॉल्डो बरा होतो. नुसता बरा होत नाही. नर्तक होतो, मेंदूचा शल्यविशारद होतो आणि लोकप्रियही होतो. आजारी असताना तो तुसडा आणि गर्विष्ठ होता. स्नायूंबरोबर त्याचा स्वभावही सुधारला! व्यंग गेले की माणूस माणसांत आला, हे समीकरण आपल्या सिनेमांतही आपण पुष्कळदा पाहिले आहे. शेवटच्या रिळात नायिकेच्या डोळ्यांवरील पट्टी सोडली जाते आणि प्रेक्षागृहातील लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात. तो नि:श्वास कोणासाठी असतो?

बरे होण्याचा शेवट लेखकाला सोयीचा असतो, कारण मग जग बदलावे लागत नाही. डॅनिएल कीज याने ‘अल्गर्नन’ नावाच्या उंदराच्या कथेत (कथा १९५९, कादंबरी १९६६) ही सोय नाकारली, म्हणून ती कथा टिकली. मंदबुद्धी चार्ली बेकरीत काम करतो. शस्त्रक्रियेने तो असामान्य बुद्धिमान होतो आणि काही महिन्यांत ती बुद्धी ओसरते. कादंबरीत बुद्धी येण्यापूर्वी सहकारी त्याची टवाळी करतात, हे अपेक्षितच आहे. पण तो शहाणा होताच तेच सहकारी सह्या गोळा करून त्याला कामावरून काढायला लावतात. त्यांना चार्ली आपल्यापेक्षा खालीच हवा होता. नोकरशाहीत आणि शिक्षणसंस्थांत वावरलेल्या कोणालाही हा प्रसंग परका वाटू नये.

आता माझ्या विषयाकडे वळतो. उपचार आहे म्हटल्यावर त्याची किंमत आली, आणि किंमत आली की ती कोणाला परवडते हा प्रश्न आला. ‘अवतार’ (२००९) या गाजलेल्या चित्रपटाचा नायक कमरेखाली लुळा झालेला माजी सैनिक आहे. बाविसाव्या शतकात पाठीचा कणा दुरुस्त करण्याची विद्या उपलब्ध आहे. पण सैनिकाच्या निवृत्तिवेतनात ती बसत नाही. खाणकंपनीचा लष्करी अधिकारी त्याला पायांचे आमिष दाखवून हेरगिरीला लावतो. निळ्या माणसांच्या अद्भुत सृष्टीपेक्षा मला हीच गोष्ट अधिक खरी वाटली. चित्रपटाने मात्र तिचा उपयोग उंबरठ्यापुरताच केला. शेवटी नायकाला दुसरे, धावणारे शरीर मिळते आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न तेथेच राहतो.

अ‍ॅन मॅकॅफ्रीच्या ‘गाणारे यान’ या कथामालेत (पहिली कथा १९६१) हिशेब आणखी उघड आहे. हेल्व्हा ही जन्मतःच देह कामाचा नसलेली, पण तल्लख मेंदूची मुलगी. आईबापांपुढे पर्याय दोनच: मुलीला मरू द्यावे, नाहीतर तिला धातूच्या कवचात बसवून पुढे अंतराळयानाचा मेंदू होऊ द्यावे. ती यान होते, गाते, पराक्रम करते. परंतु तिच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा सारा खर्च तिच्या नावे कर्ज म्हणून लिहिलेला असतो आणि तो सेवा करून फेडायचा असतो. धडधाकट मुलांच्या बालपणाचे बिल कोणी त्यांच्या हाती देत नाही. ही कथा उत्साहाने लिहिलेली आहे, हेल्व्हा वाचकाला आवडते, मलाही आवडली. आणि ही वेठबिगारी आहे हे कळायला मला दुसरे वाचन लागले.

अमर्त्य सेन यांनी १९७९ साली स्टॅनफर्ड येथे ‘समता कशाची?’ या विषयावर जे व्याख्यान दिले, त्यात नेमके असेच उदाहरण आहे. एकूण सुखाची बेरीज वाढविणे हेच ध्येय धरले, तर ज्याला पैशातून अधिक सुख मिळविता येते त्याला अधिक द्यावे लागेल. अपंगाला त्याच पैशातून निम्मेच सुख मिळते, म्हणून त्याला कमी! म्हणजे आधीच उणे, त्यात वाटपातही उणे. उत्पन्नाची समानता पुरेशी नाही. त्या उत्पन्नातून माणसाला प्रत्यक्ष काय करता येते ते पाहा, हे सेन यांचे म्हणणे आज पाठ्यपुस्तकांत आले आहे. तरीही आपले लेखापाल अजून निम्म्या सुखाचाच हिशेब मांडत असतात.

हा हिशेब ज्या विज्ञानकादंबरीने सर्वांत चांगला पकडला, ती म्हणजे एलिझाबेथ मून यांची ‘अंधाराचा वेग’. २००३ सालचे नेब्युला पारितोषिक तिला मिळाले. लेखिका स्वतः एका स्वमग्न मुलाची आई. कादंबरीचा नायक लू आणि त्याचे सहकारी स्वमग्न आहेत आणि एका औषधकंपनीत आकृतिबंध शोधण्याचे काम करतात. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. कंपनीने त्यांच्यासाठी लहानशी व्यायामशाळा, संगीत, स्वतंत्र खोल्या अशा सोयी केल्या आहेत. नवा वरिष्ठ अधिकारी येतो आणि त्याला या सोयी म्हणजे उधळपट्टी वाटते. विभागाच्या कामातून हा खर्च कित्येक पटींनी निघतो, हे त्याच्या गळी उतरत नाही; कारण त्याच्या दृष्टीने स्वतःच्या खोलीतील थंड हवा ही गरज आणि लूच्या खोलीतील संगीत ही चैन. त्यापेक्षा या लोकांनी मेंदूवरचा नवा, प्रायोगिक उपचार घेऊन ‘नीट’ व्हावे, म्हणजे सोयींचा प्रश्नच मिटला! लू विचार करतो तो मात्र वेगळाच: बरा झालेला लू हा लूच असेल काय? त्याला आवडणारी मुलगी, तलवारबाजीचा वर्ग, संगीत, हे सारे त्या नव्या माणसाला आवडेल काय? शेवटी तो उपचार घेतो, अंतराळात जाण्याचे स्वप्न पुरे होण्याच्या वाटेवर येतो, आणि त्या मुलीविषयीची ओढ मात्र मागे राहते. पुस्तक मिटल्यावर हे बरे झाले की वाईट, याचा निकाल मला देता आलेला नाही. वाचकांपैकी कोणी दिला असेल, तर त्याने ते पुन्हा वाचावे.

एक दुसरी तऱ्हा खलपुरुषाची. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ मालिकेत १९७५ साली आलेला डॅव्हरॉस चाकांच्या आसनाला खिळलेला, विद्रूप आणि दुष्ट आहे. चाकांची खुर्ची आणि दुष्टपणा यांचे नाते आता पुरे झाले, असे ठरवून २०२३ साली मालिकेच्या निर्मात्याने त्याला धडधाकट रूपात आणले, तेव्हा जुने प्रेक्षक बरेच नाराज झाले. याच्या उलट टोकाला आहे तो अपंगाला दिव्य शक्ती बहाल करण्याचा प्रकार: डोळे गेले म्हणून कानांनी भिंतीपलीकडचे ‘पाहणारा’ वीर. आपल्याला हे नवे नाही. आंधळ्याला प्रज्ञाचक्षू म्हणण्याची आपली रीत जुनी आहे, आणि २०१५ पासून सरकारदरबारी अपंग ‘दिव्यांग’ झाले आहेत. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख भरली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, तेव्हा पुढच्या गणनेत ती वाढेल. या कोट्यवधींपैकी फार थोड्यांना दिव्य शक्ती हवी असेल. बसची पायरी थोडी खाली असावी, एवढेच बहुतेकांचे मागणे आहे.

मागणे ठाऊक असलेला माणूस लिहिण्याच्या जागी असला की काय होते, याचेही एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या १९८९ मधील एका भागात दोन लढणाऱ्या टोळ्यांमध्ये समेट घडविणारा एक बहिरा मध्यस्थ येतो. भूमिका करणारा हावी सीगो हा नट स्वतः बहिरा. कथेच्या ओघात मध्यस्थाने बोलावयास शिकावे, असा मूळ बेत होता. सीगोने आक्षेप घेतला आणि शेवट बदलला. दुभाषे गमावलेला तो मध्यस्थ बोलावयास शिकत नाही. लढणाऱ्या दोन्ही पक्षांनी आपली खुणांची भाषा शिकावी, असे तो ठरवितो. ती शिकता शिकता त्यांना एकमेकांशी बोलणे भाग पडेल.

ऋग्वेदात विश्पलेची कथा आहे. युद्धात पाय तुटलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडी पाय दिला, तो कशासाठी? पुन्हा रणात उतरण्यासाठी. आणि १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जे रबरी पाऊल घडविले, त्यामागची दृष्टी पाहा. पाश्चात्त्य पद्धतीच्या कृत्रिम पायाला बूट लागे. तो लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. शर्मा आणि सेठी यांनी शेतात अनवाणी चालणारा, जमिनीवर बसून जेवणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला आणि त्याला परवडेल असे पाऊल केले. वेल्सच्या खोऱ्यातील त्या कडेच्या खाचा ज्याने कोरल्या असतील, तो यांच्याच जातकुळीचा. माझा विद्यार्थी याच पावलावर दोन मजले चढून ग्रंथालयात जातो. खाली उतरताना अधिक त्रास होतो, असे तो सांगतो.

अलीकडे तो पुन्हा भेटला, तेव्हा मी त्याच्यासाठी दोन गोष्टी शोधून ठेवल्या होत्या. पहिली त्याला ठाऊक होती. जॉन मॅक्फॉल या ब्रिटिश शल्यविशारदाचा उजवा पाय एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला; पुढे तो अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये धावला. युरोपीय अंतराळ संस्थेने २०२२ साली त्याची निवड केली आणि अंतराळस्थानकावरील दीर्घ मुक्कामासाठी तो वैद्यकीयदृष्ट्या पात्र असल्याचे २०२५ मध्ये जाहीर केले.

दुसरी गोष्ट त्याने ऐकली नव्हती. माणूस अंतराळात गेला तर वजनरहित अवस्थेत त्याचे काय होईल, हे १९५० नंतरच्या दशकाअखेर कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा अमेरिकेचे नौदल आणि ‘नासा’ यांनी वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयातून अकरा बहिरे पुरुष निवडले. एक सोडून बाकी सर्वांना लहानपणी मेंदूज्वर होऊन गेला होता आणि त्यात कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी झाली होती. त्यामुळे त्यांना गती लागतच नसे. वर्षानुवर्षे त्यांच्यावर प्रयोग झाले. चौघांनी तर सतत गरगरणाऱ्या एका खोलीत सलग बारा दिवस काढले. मिळालेली माहिती अंतराळवीरांच्या उपयोगी पडली. त्या अकरांपैकी अंतराळात कोणीही गेले नाही.

एकदा त्यांना नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीने नेले होते. लाटा इतक्या उसळल्या की, नोंदी घेण्यासाठी बरोबर आलेले शास्त्रज्ञच ओकाऱ्यांनी आडवे झाले आणि प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला. बहिरे लोक तोवर पत्ते खेळत बसले होते.